पिंजरा घ्यायच्या आधी

(स्वयंपाकघराचा ओटा. वजनकाट्यावर एक छोटी वाटी.)

सकाळचे सव्वासात वाजलेत, डोंबिवलीतलं आमचं घर, आणि ही बघा निळी आली काट्यावर, आमची बजरी, म्हणजे पोपटाचीच एक छोटी जात. वाटीत राळ्याचं कणीस ठेवलेलं असतं हे तिला माहितीये, त्यामुळे पकडावं लागत नाही, आपणहून उडी मारते. ३४ ग्रॅम. काल ३४ होतं, परवा ३५. हे सगळं मी या वहीत लिहून ठेवते, रोज, एक ओळ, तारीख आणि आकडा. घरातले आधी म्हणायचे की एवढं काय त्यात, आता मी विसरले तर तेच आठवण करतात.

ही वही सुरू झाली ती आमचा पहिला पक्षी गेल्यावर. हिरवा होता, बजरी, एकटाच आणला होता. डिसेंबरातली गोष्ट, तो पिसं फुगवून बसायला लागला, गोल बॉलसारखा, आणि मला वाटलं थंडी वाजत असेल म्हणून मी पिंजऱ्यावर शाल टाकली. वाटीत चोच घालताना दिसायचा त्यामुळे खातोय असं समजून मी निर्धास्त होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला होता. डॉक्टरांनी त्याला माझ्या हातात दिलं आणि छातीवरून बोट फिरवायला सांगितलं, मधलं हाड सुरीच्या धारेसारखं लागत होतं, दोन्ही बाजूंचं मांस पार झडून गेलेलं. म्हणजे तो कित्येक दिवस वाळत चालला होता आणि मी रोज त्याच्याशी गप्पा मारत होते. पिसांच्या आत काय चाललंय ते दिसतच नाही हो. थव्यातला जो पक्षी मलूल दिसतो तो ससाण्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून हे शेवटपर्यंत आपण बरे आहोत असंच दाखवतात, आणि ते फुगून बसलेले दिसायला लागतात तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो. काट्यावर मात्र ते लपत नाही. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचं तीन-साडेतीन ग्रॅम वजन उतरलं तर मी आता डॉक्टरांना फोन करते, वाट बघत बसत नाही.

(जुन्या घराची पडवी. आढ्याला रिकामी कडी.)

पण त्याच्याही आधीचं सांगायला हवं. वाईला आजीच्या घरी या कडीला पत्र्याचा गोल पिंजरा असायचा आणि त्यात विठू. आजीचा जीव होता त्याच्यावर, सकाळी पहिला चहा व्हायच्या आधी ती त्याला दुधात भिजवलेली पोळी द्यायची, वर एक हिरवी मिरची. मिरची त्याला खरंच आवडायची, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. पण दूध पक्ष्यांना पचत नाही हे तेव्हा आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं. आणि मला आठवतं ते म्हणजे तो मान सारखी एका लयीत गोल फिरवायचा, आम्ही पोरं म्हणायचो विठू नाचतोय. एकट्या कोंडलेल्या पोपटाचं ते लक्षण असतं, हे मी मोठेपणी वाचलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून कोणी मला म्हणालं की पोपट घ्यायचाय, कुठे मिळेल, तर मी आधी सांगते की आपला हिरवा, गळ्यात काळी-गुलाबी रेघ असलेला पोपट पाळणं हा गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली. करण पोपट आणि तुईया हे आपलेच दुसरे पोपट, पहाडी मैना, चिमणीसारख्या मुनिया, सगळे त्यातच. ‘आमच्या आजोबांकडे होता की’ हे उत्तर चालत नाही, माझ्याही आजीकडे होता. हे पोपट कोणी घरात जन्माला घालत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला झाडाच्या ढोलीत हात घालून, डोळे धड उघडलेले नसलेली पिल्लं बाहेर काढतात, हात जात नसेल तर ढोलीच फोडतात, मग ती ढोली पुढच्या वर्षी कुठल्याच पक्ष्याच्या कामाची राहत नाही. रस्त्यावर कोणी रंगीत चिमण्या म्हणून हिरव्या-गुलाबी पाखरांचा पिंजरा घेऊन आला तर त्या मुनिया असतात, रंगात बुडवलेल्या. आणि घरात आधीपासून पोपट असेल तर दया येऊन खिडकीतून सोडू नका प्लीज, पिंजऱ्यात वाढलेल्याला ना खाणं शोधता येतं ना मांजर ओळखता येतं, वनविभागाचा १९२६ नंबर आहे त्यावर फोन करा.

(क्रॉफर्ड मार्केट. पिंजऱ्यांच्या रांगा.)

मग पाळायचं काय? आपल्याकडे लव्ह बर्ड म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा बजरी असतात, खरे लव्ह बर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे, जास्त चावरे. बजरी ऑस्ट्रेलियाचा, तिथल्या कोरड्या माळावर हजारोंच्या थव्याने गवताचं बी खात फिरणारा. जॉन गूल्डने १८४० मध्ये तो इंग्लंडला नेला आणि तेव्हापासून माणसं त्याची पैदास करतायत, त्यामुळे आज दुकानात जो बजरी दिसतो तो पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातलाच. जंगलात तो फक्त हिरवा-पिवळा असतो, हे निळे-पांढरे सगळे माणसाने वाढवलेले. पहिल्यांदा पाळणाऱ्याने हाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. कॉकटील (दुकानात ‘कॉकटेल’ म्हणतात) हा तुरेवाला पोपट गोड असतो, शिट्ट्या मारतो, पण त्याच्या पिसांतून पांढरी पावडर सतत झडते, घरात कोणाला दमा असेल तर नकोच. शिवाय तो पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणजे आज पाचवीतल्या मुलीसाठी आणलात तर तिचं लग्न झालं तरी तो तुमच्याकडेच. कोन्यूर, आफ्रिकन ग्रे वगैरे परदेशी पोपटांसाठी आता २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, दुकानदार नको म्हणाला तरी लागते.

दुकानात गेलात की लगेच बोट दाखवू नका. दहा मिनिटं लांब उभं राहून बघा, कारण तुम्ही जवळ गेलात की आजारी पक्षीसुद्धा ताठ होतो. जो दोन्ही पायांवर पिसं फुगवून डोळे मिटतोय, श्वास घेताना ज्याची शेपटी पंपासारखी वरखाली होतेय, शेपटीखाली घाण चिकटलीये, तो नको, आणि त्याच पिंजऱ्यातला दुसराही नको. कपाळावरच्या काळ्या पट्ट्या थेट चोचीपर्यंत आलेल्या असतील तर पिल्लू आहे, तीन-चार महिन्यांच्या आतलं, तेच लवकर माणसाळतं. मोठ्या पक्ष्यांत नाकपुड्यांभोवती निळं म्हणजे बहुतेक नर, तपकिरी म्हणजे मादी. आणि दोन घ्या. दिवसभर घर बंद असेल तर दोनच घ्या, थव्यातला जीव आहे तो.

जोडी घेतली की दुकानदार मडकं देतो, फुकट देतो कधी कधी, ते नको म्हणा. मडकं लटकवलं की मादीला वाटतं अंडी घालायची वेळ झाली, एकामागून एक चार-सहा अंडी, पुन्हा पुन्हा, अंगातलं कॅल्शियम संपतं आणि मग अंडं अडकतं. माझ्या ओळखीत दोन माद्या अशा गेल्यात. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात कायम लावलेला असू दे.

(पिंजरा. पेरूच्या फांदीवर निळी आणि पांढरा.)

पिंजरा गोल नको, तो दिसायला छान पण पक्ष्याला कोपरा मिळत नाही आणि उडायला सरळ जागा नाही. आडवा लांब घ्या, जोडीला दोन फूट तरी, तारांमध्ये अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नको नाहीतर डोकं अडकतं. आतल्या त्या प्लास्टिकच्या काठ्या काढून ही अशी पेरूची फांदी लावा, फवारणी नसलेली, धुवून वाळवलेली. जाडी कमी-जास्त असली की पायाला व्यायाम होतो, एकाच जाडीच्या काठीवर तळव्याला फोड येतात. पिंजरा भिंतीला लागून, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर.

स्वयंपाकघरात मात्र अजिबात नाही. पक्ष्याचं श्वास घेणं आपल्यासारखं नसतं, फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते, श्वास सोडतानाही ताजी हवा मिळत राहते. उडायला तेवढा ऑक्सिजन लागतोच, पण मग विषारी हवाही तितक्याच वेगाने आत जाते. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत होते ते याचसाठी. नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहिला, खूप तापला, तर त्यातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही आणि बजरी काही मिनिटांत मरतो. आमच्याकडे आता बिडाचाच तवा आहे. धूप, अगरबत्ती देवघराचं दार लावून. डासांची कॉइल आणि मशीन बंद, त्याऐवजी पिंजऱ्यावर मच्छरदाणी. आणि बाहेर मोकळं सोडायच्या आधी पंखा बंद, बटणावर टेप चिकटवून, कारण पाहुण्यांपैकी कोणीतरी गरम होतंय म्हणून सहज बटण दाबतं.

खाणं म्हणजे नुसतं राळं-बाजरी नव्हे. कोथिंबीर, गाजराचा कीस, मक्याचं कणीस, मोड आलेले मूग. पहिले पंधरा दिवस ढुंकून बघणार नाहीत, ठेवत राहा, आमची निळी एकवीस दिवसांनी कोथिंबिरीला तोंड लावायला लागली. अवोकाडो आणि चॉकलेट विष आहे. झोप दहा-बारा तास, अंधारात, त्यामुळे टीव्हीच्या खोलीत पिंजरा असेल तर आठला दुसरीकडे हलवा.

आणि वाटी. हे जवळून घ्या जरा, दिसतंय? भरलेली वाटते ना? आता फुंकर मारते बघा, उडालं सगळं. ही नुसती फोलपटं होती. दाणा सोलून खातात आणि टरफल तिथेच टाकतात, त्यामुळे रिकामी वाटीसुद्धा वरून काठोकाठ दिसते.

गेल्या वर्षी गणपतीत आम्ही पाच दिवस गुहागरला गेलो तेव्हा शेजारच्या काकूंकडे पिंजरा, वजनकाटा आणि ही वही देऊन गेलो होतो. तिसऱ्या दिवशी आरती चालू असतानाच त्यांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, काट्यावर निळी, आणि खाली लिहिलेलं, ‘अगं ही आज ३२ भरली, वाटी तर भरलेलीये, ठीक आहे ना?’ मी बाहेर जाऊन फोन लावला, म्हटलं काकू आधी वाटीवर फुंकर मारून बघा. फोनवर फुंकरेचा आवाज आला आणि मग काकू म्हणाल्या, ‘अगं बाई, खाली काहीच नाहीये की.’

वहीत पुढचे आकडे त्यांच्या अक्षरात आहेत. ३३. ३४.