कार्बनच्या दहा एमईव्हीजवळचा उंचवटा

कार्बनच्या अणुकेंद्राच्या ऊर्जापातळ्या शोधायच्या, तर त्यावर अल्फा कण (हीलियमची अणुकेंद्रं) मारायचे आणि विखुरताना त्यांनी किती ऊर्जा गमावली ते मोजायचं; प्रत्येक पातळीचं आलेखात एक शिखर उठतं. चौकटीत ताणून बसवलेली ही कार्बनची फॉइल. जाडी चौरस सेंटिमीटरला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा मायक्रॉन. ६० एमईव्हीचा (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा) अल्फा कण हिच्यातून जाताना साधारण १० केईव्ही, म्हणजे एमईव्हीचा शंभरावा भाग, गमावतो. जाड फॉइल लावली तर कण पटापट मोजून होतात खरे, पण शेजारशेजारची शिखरं एकमेकांत मिसळतात.

विखुरलेले कण पकडायला सिलिकॉनचे दोन डिटेक्टर, एकामागे एक. पुढचा ५० मायक्रॉनचा, मागचा २ मिलिमीटरचा. पुढच्यात कण थोडी ऊर्जा टाकतो, मागच्यात थांबतो. दोन्हींचा आलेख काढला की प्रोटॉन, हीलियम-३ आणि अल्फा यांचे पट्टे सुटे होतात. मागचा डिटेक्टर एकच मिलिमीटरचा असेल तर हे अल्फा आरपार निघून जातात आणि पट्टा टोकाशी उलटा वळतो.

ऊर्जेची मोजपट्टी लावायला अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सर्गी द्रव्य हाताशी असतं, पण त्याचा अल्फा ५.४९ एमईव्हीचा. तिथून ६० पर्यंत रेघ ओढणं म्हणजे चूक ओढवून घेणं. म्हणून कार्बनचीच ओळखीची शिखरं वापरायची: ऊर्जा न गमावता परतलेल्या अल्फांचं, आणि ४.४४ एमईव्हीचं.

त्यापलीकडे दिसते ७.६५ एमईव्हीची पातळी. ताऱ्यांत कार्बन तयार होण्यासाठी अशी पातळी असलीच पाहिजे, असं खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये सांगितलं होतं. कार्बनचे तीन अल्फा व्हायला लागते ७.२७ एमईव्ही, ही पातळी त्या उंबरठ्याच्या किंचित वर. १५.११ ची पातळी मात्र इथे जवळजवळ गायब असते. अल्फाचा स्पिन (अंगभूत कोनीय संवेग) शून्य, आयसोस्पिनही (प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या अदलाबदलीशी जोडलेला क्वांटम अंक) शून्य, त्यामुळे तो सगळ्याच पातळ्यांना हात लावत नाही. ही चाळणी फुकट मिळते.

घोळ घालतो ऑक्सिजन. फॉइलवर तो थोडा तरी असतोच. १० अंशांवर त्याचं ऊर्जा न गमावलेल्या अल्फांचं शिखर कार्बनच्या तशाच शिखरापासून फक्त ०.१५ एमईव्ही दूर. ३० अंशांवर हेच अंतर १.३ होतं. पण तिथे ऑक्सिजनचं ६.१३ चं शिखर कार्बनच्या ४.४४ शेजारी येऊन बसतं. कोन बदलून पाहा: कार्बनच्या मोजपट्टीवर जे शिखर सरकतं, ते कार्बनचं नाही. हायड्रोजनचा त्रास कमी, कारण त्यावर आपटलेला अल्फा साडेचौदा अंशांपलीकडे जाऊच शकत नाही.

आता कोनागणिक मोजणी. उंचवटे आणि खळगे प्रकाशाच्या विवर्तनासारखे येतात. सम कोनीय संवेग देणाऱ्या पातळीचे खळगे, ऊर्जा न गमावता होणाऱ्या विखुरणात उंचवटे असतात तिथे पडतात. विषम असेल तर दोन्ही जुळतात. डिटेक्टरपुढची फट रुंद ठेवली की खळगे भरून निघतात आणि स्पिन ओळखता येत नाही.

खरी कसोटी १० एमईव्हीजवळ. ९.६४ चं अरुंद शिखर, खाली शून्य स्पिनचा रुंद उंचवटा, आणि त्याच्या पोटात २ स्पिनची एक पातळी. शून्य स्पिनचा उंचवटा शून्य अंशाजवळ सर्वांत उठून दिसतो, पण तिथे न विखुरलेला अल्फांचा झोत, म्हणजे बीमच, डिटेक्टरवर आदळतो. म्हणून जपानमधल्या ओसाकात ३८६ एमईव्हीचे अल्फा चुंबकी स्पेक्ट्रोमीटरने बीमपासून वेगळे काढले. २०११ मध्ये तिथून २ स्पिनची पातळी सुटी झाली: ९.८ एमईव्हीच्या आसपास, रुंदी सुमारे १ एमईव्ही.