आठ विहिरी, एक नकाशा

(दृश्य : ऑक्टोबर महिना. सोयाबीनची काढणी. शेताच्या कडेला कठड्याची विहीर, भोवती शाळेच्या गणवेशातली मुलं.)

निवेदन :
बीड जिल्ह्यातली एक जिल्हा परिषद शाळा. नववीचा वर्ग, पट बत्तीस. विषय, जलसुरक्षा. या विषयात प्रकल्पाला मोठं स्थान आहे. पण गटप्रकल्प म्हटलं की काय होतं, हे शिक्षकांना आणि पालकांना पक्कं माहीत असतं. पुठ्ठा येतो, स्केचपेन येतात, पहिल्या पानावर चार नावं येतात. काम एकानेच केलेलं असतं. बहुतेक वेळा एकीने.

(दृश्य : शिक्षक खोली. मोबाइलवर मराठीत मजकूर लिहिणाऱ्या बाई.)

या वर्षी बाईंनी आराखड्यासाठी एआयची मदत घेतली. पहिल्या प्रश्नाला उत्तर लगेच आलं : भित्तिपत्रक, घोषवाक्यं, पथनाट्य, पाणी साठवण्याची प्रतिकृती. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण हा आराखडा कुठल्याही गावाला चालला असता, आणि त्यातलं जवळपास प्रत्येक काम एखाद्या हुशार मुलीने रविवारी घरी बसून एकटीने उरकलं असतं.

ही अडचण जुनीच आहे. फ्रान्सचे कृषी अभियंता माक्सिमिलियाँ रिंगेलमान यांनी माणसांना दोरी ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. त्यांचे निष्कर्ष १९१३ साली छापून आले. ओढणारे वाढले, की माणशी जोर घटत होता. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात वेगवेगळ्या वंशांची मुलं नव्याने एका वर्गात आली आणि वातावरण तापलं. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन यांनी धड्याचे भाग पाडून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक भाग दिला. आपला भाग इतरांना समजावून सांगितल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होत नव्हता.

बाईंनी एआयला हीच अट घातली : एकट्या मुलाला करताच येणार नाही असं काम हवं. सोबत गावाची हकीकत लिहिली. जमीन काळ्या पाषाणाची. पाणी मुरतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून एका विहिरीला पाणी असतं आणि बांधापलीकडची कोरडी पडते.

आता मिळालेला आराखडा वेगळा होता. चार-चार मुलांचे आठ गट, गटाला एक विहीर. दोरीने पाण्याची पातळी मोजायची, गणितात शिकलेल्या वृत्तचितीच्या सूत्राने विहिरीत किती पाणी आहे ते काढायचं. व्यास ६ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल, तर सुमारे १ लाख १३ हजार लिटर. शिवाय घरच्या वडीलधाऱ्यांना विचारायचं : बहात्तरच्या दुष्काळात ही विहीर आटली होती का? एका विहिरीवरून काहीच कळत नाही. आठही गटांचे आकडे एका नकाशावर आले, की शिवारात पाणी कुठे टिकतं ते दिसू लागतं. मला या आराखड्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. एकमेकांची गरज इथे शिक्षकाने लादलेली नाही, ती जमिनीतूनच आली आहे.

(दृश्य : आराखड्याचा छापील कागद, त्यावर लाल पेनाने केलेल्या दुरुस्त्या.)

तरीही लाल पेन बराच चालला. कठडा नसलेल्या विहिरी बाईंनी यादीतून काढल्या, आणि प्रत्येक विहिरीवर मोठं माणूस हजर असेल, असं ठरवलं. गुणांवरून गट पाडायची सूचना बाजूला ठेवली. मुलांची नावं तर एआयला दिलीच नव्हती. कोण कुणाशी मोकळेपणाने बोलतं, शाळा सुटल्यावर शेळ्या कुणाला वळायच्या असतात, हे बाईंना माहीत आहे. गट त्यांनीच पाडले.

सर्वांत मोठी दुरुस्ती वेळापत्रकाची होती. एआयने मोजणी जानेवारीत धरली होती. पण ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की वर्गातली काही मुलं आईवडिलांबरोबर फडावर जातात. म्हणून मोजणी ऑक्टोबरमध्ये घेतली. राज्याची भूजल यंत्रणाही पावसाळ्यानंतरची पातळी याच महिन्यात मोजते.

मग बाईंनी एआयला आणखी एक प्रश्न विचारला : या आराखड्यात कोणतं मूल नुसतं बसून राहील? उत्तर नेमकं आलं, नोंद लिहिणाऱ्याजवळचा चौथा. मग दर विहिरीला मोजणी दोनदा ठरली आणि दुसऱ्या वेळी कामांची अदलाबदल. गुण देताना चिठ्ठी काढायची आणि ज्याचं नाव येईल त्याने सोबत्याच्या कामावर बोलायचं.

(दृश्य : फळ्यावर गावाचा नकाशा, आठ खुणा.)

उन्हाळ्यातली मोजणी अजून बाकी आहे. ती मे महिन्यात, सुट्टीत होईल. तोवर फडावरची मुलं परतलेली असतील. दोरी आणि वही त्यांच्याकडे द्यायची, असं वर्गाने ठरवलं आहे.