घाटावरचा वळीव कोकणात कधी उतरतो?

(नागपुरातील व्याख्यानाचा संपादित भाग)

नागपूरकरांपुढे कोकणातल्या वळवावर बोलायचं म्हणजे धाडसच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, आणि मी सांगणार ३३-३४ अंशांच्या गोष्टी. पण इथे बसून तो किनारा जास्त चांगला कळतो. वळवाला ओलावा लागतो, वर चढू पाहणारी हवा लागते आणि तिला ढकलणारं काहीतरी लागतं. विदर्भात उष्णतेला तोटा नाही. इथला अंदाजकर्ता सकाळी आधी बघतो ते बंगालच्या उपसागरावरून बाष्प येतंय का. कोकणात बाष्प दारातच उभं. तरी मुंबईकर एप्रिल-मे घामाघूम होऊन काढतो आणि थेंब पडत नाही. का?

समुद्रावरून येणारी ओली हवा उथळ असते. तिच्यावर जमिनीकडून आलेला गरम, कोरडा थर बसलेला असतो. खालची हवा चढत चढत त्या थरात शिरली की भोवतालापेक्षा थंड ठरते आणि तिथेच अडते. आम्ही याला झाकण म्हणतो. नागपुरात दुपारी जमीनच इतकी तापते की ते पुष्कळदा उडतं. किनाऱ्यावर ऐन तापायच्या वेळी खारे वारे सुटतात आणि पारा रोखून धरतात. म्हणून हवेला वर चढवू शकणारी ऊर्जा कागदावर भरपूर, आकाश कोरं. नुसता त्या ऊर्जेचा आकडा बघून इशारे द्यायचे ठरवलं, तर कोकणाला मे महिन्यात जवळजवळ रोजच द्यावे लागतील. आणि मग कोणी ऐकणार नाही, ते वेगळंच.

झाकण फुटतं ते बहुधा सह्याद्रीवर. खारे वारे दुपारनंतर घाट चढतात, पलीकडे देशावरची हवा तापलेली असते, माथ्याजवळ दोन्ही भिडतात. तीन-चारच्या सुमारास उपग्रहाच्या चित्रात घाटमाथ्यावर पांढरे ठिपके उमटायला लागतात. खरा प्रश्न इथून पुढे. ढग ढकलतात ते तीन ते सहा किलोमीटर उंचीवरचे वारे. ते पूर्वेचे असले तर ढग सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे उतरतो. पश्चिमेचे असले तर सातारा, सांगली, कोल्हापूर भिजतं आणि कोकण नुसता गडगडाट ऐकतं. हे वारे मोजणारा फुगा सोडतात सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी. ढग उभा राहणार दुपारी! म्हणजे पहाटेच्या मोजमापावरून दुपारची हवा ताडायची.

रडार आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे, मुंबईत आहे, गोव्यात आहे, आपल्या नागपुरातही आहे. पण त्याचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी त्याच्याखालून वाकत जाते. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरण शंभर किलोमीटरवर सुमारे दीड किलोमीटर उंच असतो, दोनशेवर चार. त्यात घाटाचे डोंगर आडवे आले की पलीकडचं खालचं काहीच दिसत नाही. एक गंमत मात्र आहे. खाऱ्या वाऱ्याची आघाडी पाऊस नसतानाही रडारवर कधी कधी बारीक रेघेसारखी दिसते, कारण तिथे किडे गोळा झालेले असतात. मला स्वतःला ती रेघ मॉडेलच्या, म्हणजे संगणकाने गणित करून काढलेल्या अंदाजाच्या, रंगीत नकाशापेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

मॉडेल सुधारलीत, यात वाद नाही. मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टिम या मॉडेलची जाळी, म्हणजे गणितासाठी नकाशावर पाडलेलं एकेक घर, सहा किलोमीटरची आहे. पण वळवाचा एकेक ढग तेवढ्याच आकाराचा, कधी त्याहून लहान. जाळीच्या एका घरात मावणारी गोष्ट मॉडेलला नीट दिसणार कशी?

आणि नुसता पाऊस बघूनही चालत नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरमध्ये जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळला, १७ जणांचा जीव गेला. तिथे घात झाला वाऱ्याने. ढगातला पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाफ होताना ती हवा थंड आणि जड होते, जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. सरी पोचण्याआधी धूळ येते ती यामुळे.

आज रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराला आम्ही सकाळी जिल्हा सांगू शकतो, तोही शक्यतेच्या भाषेत. तालुका कळतो दुपारी, ढग उभा राहिल्यावर, पुढच्या तीन तासांच्या अंदाजात. ढग तासाला तीस-चाळीस किलोमीटरने सरकत असेल, तर घाटापासून किनाऱ्यापर्यंत हातात दीड तास. बागेत तेवढ्यात काढलेला आंबा झाकता येतो. होडी घेऊन समुद्रात आत गेलेल्याच्या मोबाईलला रेंज असेलच असं नाही. त्याला निघतानाचाच अंदाज धरून जावं लागतं, आणि नेमका तोच सगळ्यात मोघम असतो.