समुद्राकडे जाणारी पाणंद

श्रोतेहो, नमस्कार.

मी महसूल खात्यातला निवृत्त माणूस. आधी तलाठी, मग मंडळ अधिकारी, आणि नोकरी सगळी किनाऱ्यावरच्या तालुक्यांत. त्यामुळे सरकारी जमिनीच्या भ्रष्ट वाटपाबद्दल बोलताना मी काही त्रयस्थ नाही. दप्तर ज्यांच्या हातात असतं, त्यांतलाच मी एक होतो.

एका गावची हकिकत सांगतो. नाव नको, वेंगुर्ल्याकडचं गाव एवढं पुरे. वाडीतून किनाऱ्यावर उतरायला एक पाणंद होती. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, आणि होडी उचलून नेता येईल एवढी रुंदी. एका मे महिन्यात तिच्या तोंडावर भिंत उभी राहिली. मधे लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. तक्रार आली म्हणून मी गेलो. जागेवाल्यांनी फाईल पुढे केली. सातबारा चोख, खरेदीखत नोंदवलेलं, फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, तीही प्रमाणित. त्यांनी ज्यांच्याकडून घेतली, त्यांनीही आणखी कुणाकडून तरी रीतसर घेतलेली. मी पंचनामा केला, 'अर्जदारांनी दिवाणी न्यायालयात दाद मागावी' असं खाली लिहिलं आणि निघालो. हे वाक्य आमच्या खात्यात फार उपयोगी पडतं. निघताना गाबीतवाड्यातली, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतली, एक आजी म्हणाली, "भाऊ, कागद बरो आसा. पण होडी काय आमी टकलेर घेवन जावची?"

मी काही बोललो नाही. मोटारसायकलला किक मारली.

पुढे निवृत्त झालो. माझा एक भाचा बोटीवर असतो. दोनेक वर्षांपूर्वी मोंबासाहून त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, तू सांगायचास तसलीच भिंत इथल्या सरकारनं पाडली. मालक सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि हरला."

मोंबासा म्हणजे केनियाचं बंदर. आपल्या किनाऱ्यावरून नैऋत्येला जात राहिलं की लागतं. त्या शहरात न्याली नावाचा भाग आहे. तिथली समुद्राला लागून असलेली एक जागा 1989 मध्ये डॅनियल अराप मोई यांच्या नावे झाली. मोई तेव्हा देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. म्हणजे देणाराही तोच, घेणाराही तोच म्हणा ना! जागा पुढे विकली गेली, पुन्हा विकली गेली आणि एका कंपनीकडे आली. सप्टेंबर 2017 मध्ये मोंबासाच्या स्थानिक सरकारनं तिथली भिंत पाडली आणि लोकांसाठी किनाऱ्याची वाट मोकळी केली. कंपनी कोर्टात गेली. तिचं म्हणणं आपल्या ओळखीचंच होतं: आम्ही पैसे मोजून घेतली, कागद तपासून घेतली, आधी काय घडलं त्याच्याशी आमचा काय संबंध?

21 एप्रिल 2023 ला केनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. पहिलं वाटपच रीत सोडून झालं असेल, तर त्यातून कायदेशीर मालकी जन्मालाच येत नाही. मग नंतरचा खरेदीदार कितीही भला असो, जे विकणाऱ्याकडे नव्हतं ते त्याच्याकडे कुठून येणार? केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेत कलम 40 आहे. बेकायदा मिळवलेल्या मालमत्तेला मालमत्तेच्या हक्काचं संरक्षण नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय.

हे एका भिंतीपुरतं नव्हतं. त्या देशात 2003 मध्ये या घोटाळ्यांवर एक आयोग नेमला गेला. वकील पॉल एन्डुंगू त्याचे अध्यक्ष. 2004 च्या त्यांच्या अहवालानुसार 1962 ते 2002 या काळात बेकायदा मालकीपत्रांची संख्या सुमारे 2 लाख होती. जंगलं, शाळांची मैदानं, रस्त्यांसाठी राखलेल्या जागा, काही सुटलं नव्हतं. रीत अशी होती, की सरकारातून वाटपाचं नुसतं पत्र मिळवायचं आणि जमिनीवर पाऊल टाकायच्या आधीच ते पत्र विकून मोकळं व्हायचं. अहवाल आला, गाजला, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी कपाटातच राहिल्या. 2015 च्या जानेवारीत नैरोबीतल्या लांगाटा रोड प्राथमिक शाळेच्या मैदानाला असंच कुंपण पडलं होतं. मुलं ते पाडायला गेली, तर पोलिसांनी त्या पोरांवर अश्रुधूर सोडला. जगभर बोंब झाली आणि मैदान शाळेला परत मिळालं.

भाच्याचा फोन ठेवला आणि मला ती आजी आठवली. अन् दुसरी एक गोष्ट आठवली. मी फक्त शेवटचा फेरफार पाहिला होता, पहिला नाही.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची. तिचं कलम 20 बघा. सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा, नद्या, ओढे, आणि भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा अन् खाड्यांचा तळ, जिथे दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध होत नाही तिथे हे सगळं राज्य सरकारचं. कलम 22 खाली गुरचरण, स्मशान अशा कामांसाठी जमीन राखून ठेवता येते. कलम 50 आणि 53 खाली जिल्हाधिकारी अतिक्रमण काढू शकतात, अनधिकृत भोगवटादाराला बाहेर काढू शकतात. हत्यारं आहेत, श्रोतेहो. गंजलीत, पण आहेत.

2011 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग प्रकरणात निकाल दिला. मूळ तंटा पंजाबातल्या एका गावतळ्याचा. तळं बुजवून लोकांनी घरं बांधली होती आणि अधिकारी म्हणत होते, आता झालंच आहे तर पैसे भरून नियमित करू या. न्यायालयानं ते फेटाळलं. गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायच्या योजना आखा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. त्यानंतर 12 जुलै 2011 ला आपल्या राज्य सरकारचा निर्णय निघाला: गायरानावरची अतिक्रमणं काढा, आणि खासगी माणसाला गायरान देऊ नका.

या निकालात एक बारीक वाक्य आहे, ते मात्र लोक विसरतात. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, किंवा जिथे आधीच शाळा-दवाखाना आहे अशी जागा, यांच्याबाबत अपवाद करता येईल असं न्यायालय म्हणालं. प्रत्यक्षात उलटं घडताना मी पाहिलंय. मोहीम निघाली की जेसीबी पहिल्यांदा जातो तो झोपडीकडे, कारण तिथे वकील नसतो. कागद करून घेतलेली पाच एकर शेवटच्या पानावर राहते आणि मार्च संपतो.

दिसायला मोठी कारवाई कोणती म्हणाल, तर किहीमची. 8 मार्च 2019 ला अलिबाग तालुक्यातला नीरव मोदीचा बंगला सुरुंग लावून पाडला. किनारा नियमनाचे नियम मोडून बांधलेला. टीव्हीवर धूळ उडताना आपण सगळ्यांनी पाहिली. वाटपाच्या भ्रष्टाचाराला मात्र सुरुंग लागत नाही. तिथे एक नोंद रद्द व्हावी लागते, आणि नोंद रद्द होताना टीव्हीवर काय दाखवणार? टेबल, शिक्का आणि माझ्यासारखा एक चष्मेवाला.

तर आमच्या त्या पाणंदीच्या जागेसाठी मी साधा नागरिक म्हणून नकलांचा अर्ज केला. अभिलेख कक्षातून जुने फेरफार निघायला चार महिने लागले. त्यांत हे सापडलं. ती जागा मुळात सरकारी. नारळ लागवडीसाठी एकाला दिलेली, भोगवटादार वर्ग 2. म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. पुढे सातबाऱ्याचं पुनर्लेखन झालं, तेव्हा 'वर्ग 2' हा शेरा गळला. सहज गळला असेल? असेलही. पण त्याच वेळी क्षेत्र वाढलं आणि पाणंद आत गेली. वाढीचा फेरफार 'वरिष्ठांच्या हुकुमावरून' आहे, आणि हुकुमाच्या नंबराची जागा कोरी आहे. ना ग्रामपंचायतीचा ठराव, ना जाहीरनामा, ना मोजणीचा नकाशा. ते पुनर्लेखन झालं त्या साली त्या सजाचा तलाठी मी नव्हतो, हे पाहून मला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली.

सरकारला अशी नोंद संहितेच्या कलम 257 खाली पुनरीक्षणात, म्हणजे फेरतपासणीला, घेता येते. पण इथे मेख आहे. 1969 मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय, की हा अधिकार वाजवी मुदतीत वापरायचा असतो. आता एखादा तलाठी 'दिवाणी न्यायालयात जा' असं लिहून किक मारतो, तेव्हा त्या वाजवी मुदतीतलीच वर्षं उडून जातात. आमचं प्रकरण उभं राहिलं, तेव्हा समोरच्या वकिलानं पहिल्या सुनावणीत हाच मुद्दा मांडला. माझा पंचनामाही त्यानंच वाचून दाखवला, माझ्या सहीसकट.

तुमच्या गावात अशी भिंत असेल, तर ताजा सातबारा बघून थांबू नका. मागे जात पहिल्या फेरफारापर्यंत पोचा. शेरे कधी होते, कधी गेले, ते तारखेनिशी लिहून काढा. गावचं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागा. गावानं कुठली वाट, कुठलं पाणी, कुठलं रान वापरायचं, हे त्यांत लिहिलेलं असतं. तलाठी 'असलं काही नसतं' म्हणेल. मीही म्हणायचो. संहितेत कलम 161 आणि 165 आहे म्हणून सांगा.

आमच्या प्रकरणाची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. परवा गावात गेलो होतो. फाटकाला कुलूप तसंच आहे. मात्र भिंतीच्या कडेचे सात-आठ चिरे कुणीतरी काढून नीट रचून ठेवलेत, आणि वाळूवर होडी ओढल्याचा ताजा माग होता. कुणी काढले, ते मी विचारलं नाही. पंचनामे करायचं माझं काम आता संपलंय.