गच्चीवरच्या टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै १९७६. फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफोर्ड हॉटेलात अमेरिकन लिजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं. माणसं घरी परतली आणि न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली. ३४ जण दगावले. बरेच महिने कारण सापडेना. अखेर जानेवारी १९७७ मध्ये जिवाणूचा छडा लागल्याचं जाहीर झालं. त्याचंच नाव लिजनेला.

नदी-तळ्यांत तो असतोच. माजतो मात्र इमारतीच्या पाण्यात: साचलेल्या, कोमट, २० ते ४५ अंशांच्या पाण्यात, पाईपच्या आतल्या बुळबुळीत थरात. शॉवर, कारंजं, वातानुकूलन यंत्रणेचा कूलिंग टॉवर यांतून उडणारे बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेले की बाधा होते. २०१५ साली न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉन्क्समध्ये एका कूलिंग टॉवरमुळे १३८ जण आजारी पडले, १६ जण गेले. त्यानंतर त्या शहराने टॉवरची नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली.

युरोपातला नियम सांगतो, गार पाणी २० अंशांच्या खाली ठेवा. मुंबईत मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला गरम लागतं, तिथे हे कसं जमायचं? म्हणून आपल्याकडे बाकीच्या गोष्टींकडे जास्त काटेकोरपणे बघावं लागतं: पाणी वाहतं ठेवणं, टाकी झाकलेली आणि स्वच्छ ठेवणं, क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत पोचतंय का हे पाहणं.

इस्पितळ, लॉज किंवा मोठी सोसायटी चालवणाऱ्यांनी प्लंबरला सोबत घेऊन टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत एकदा चालत जावं. नुसता पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून भागत नाही. नूतनीकरणात बेसिन काढलं, पण पाईपचा फाटा भिंतीत तसाच राहिला, असं फार ठिकाणी असतं. तिथलं पाणी हलतच नाही. तो फाटा मुळापासून कापून टाका. बंद खोल्यांतले नळ आठवड्यातून एकदा तरी काही मिनिटं सोडा. शॉवरचं तोंड काढून, म्हणजे तुषार उडणार नाहीत. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर आणि नळाला किमान ५० अंश हवेत. एवढ्या पाण्याने म्हातारी माणसं नि मुलं भाजू शकतात, म्हणून नळाजवळ मिश्रण करणारा व्हॉल्व्ह बसवा.

आणि प्रवासाहून आल्यावर दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप लागली, तर कुठे उतरला होतात ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. पेनिसिलिनचा या जिवाणूवर उपयोग होत नाही. ॲझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधं लागतात, आणि ती डॉक्टरांनी वेळेवर सुरू करायला हवीत.