२६४ जीबी कुठे गेले?

(दृश्य: फोंडा. पागोळ्या. खोलीत संगणकाच्या पडद्यावर काळं टर्मिनल.)

गावोगावच्या जत्रांत देवळापुढे मराठी नाटकं होतात. त्यांची चित्रीकरणं या खोलीतल्या संगणकात जमा होतात. आज नवं चित्रीकरण आत जाईना. डिस्क भरली, एवढंच संगणक सांगतो.

मागे खुर्चीत काका. "विचारल्याशिवाय काही पुसू नको रे!"

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स. तिच्यावर अशा वेळी दोन कमांड आठवतात, डीएफ आणि डीयू. दोन्ही १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासूनच्या, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजापासूनच्या. डीएफ थेट फाइल सिस्टिमचा, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेचा, हिशेब वाचते. डीयू दारोदार फिरून शिरगणती करते, एकेक फोल्डर उघडून.

(दृश्य: पडद्यावरचे आकडे.)

डीएफ म्हणते: एकूण ४५८ जीबी, वापरलेले ४३५, शिल्लक शून्य. वजाबाकी चुकलेली नाही. इथली फाइल सिस्टिम एक्स्ट-फोर. ती ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे संगणकाच्या मुख्य खात्यासाठी राखते, पंगतीत भटजींचं पान आधीच वेगळं काढावं तशी.

आता डीयू. तीही सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, नाहीतर बंद दारांमागचं मोजलंच जात नाही. सोबत 'एक्स' हा पर्याय, म्हणजे बॅकअपची बाहेरची हार्डडिस्क मोजणीत येणार नाही. पुढे आकारानुसार क्रम लावायला सॉर्ट, त्यालाही 'एच' हा पर्याय हवा. नुसता सॉर्ट ९ एमबीला ८० जीबीपेक्षा मोठं समजतो.

बेरीज १७१. मग २६४ जीबी गेले कुठे?

पहिला संशय नेहमीचा. फाइल पुसली, पण एखाद्या प्रोग्रामने ती उघडीच धरली असेल तर नाव जातं, जागा सुटत नाही. अशा फाइली एलएसओएफ ही कमांड दाखवते. इथे एकही नाही.

"काका, एवढ्यात वीज गेली होती?"

काका हसले. पावसाळ्यात हा काय प्रश्न झाला!

रविवारी गेली होती. परत आल्यावर संगणक आपोआप सुरू झाला, हार्डडिस्कचं बटण मात्र बंदच राहिलं. हार्डडिस्क ज्या फोल्डरवर माउंट होते, म्हणजे जोडली जाते, तो एरवी साधाच, रिकामा फोल्डर. रात्रीच्या बॅकअप स्क्रिप्टला तो सापडला, आणि तिने तोच भरला. १३२ जीबीची पूर्ण नक्कल, दोन रात्री. तिसऱ्या दिवशी कुणीतरी बटण दाबलं, हार्डडिस्क त्याच फोल्डरवर येऊन बसली. भरल्या हौदावर फळी टाकल्यासारखी. डीयूला वाट बंद, डीएफच्या हिशेबात मात्र सगळं जमा.

(दृश्य: अनमाउंट. त्याच फोल्डरात दोन तारखा.)

काकांनी चष्मा पुसून तारखा वाचल्या. मूळ चित्रीकरणांशी दोन्ही नकला ताडून पाहिल्या, मगच पुसल्या. शिल्लक, २६४ जीबी. स्क्रिप्टमध्ये वर एक ओळ वाढली: हार्डडिस्क माउंट नसेल तर इथेच थांब.

(दृश्य: हार्डडिस्कच्या बटणावर काका चिकटपट्टी लावताहेत. बाहेर पुन्हा अंधारून आलंय.)