नाग नदी: पूर येतो कुठून?

(दृश्य: अंबाझरीचा सांडवा)

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि नाग नदीवरचा अंबाझरी तलाव ओसंडला. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, मोरभवनचं बसस्थानक, सगळं पाण्याखाली गेलं.

शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे दर हेक्टरी दहा लाख लिटर पाणी. मोकळी जमीन असेल तर त्यातलं बरंच पाणी मुरतं, उरलेलं सावकाश वाहतं. सिमेंटचा रस्ता, पेव्हर ब्लॉक आणि स्लॅब असतील तर जवळपास सगळंच काही मिनिटांत नाल्यात उतरतं.

(दृश्य: नाग नदीकाठची भिंत)

घरात पाणी शिरलं की मागणी होते भिंतीची. भिंत झाली की पाणी वेग धरतं आणि खालच्या वस्तीत शिरतं. तिथेही भिंत लागते. इकडे काठ सुरक्षित वाटू लागतो, प्लॉटला भाव येतो, बांधकाम वाढतं. म्हणजे आणखी स्लॅब, आणखी पाणी. यात प्रत्येक विभागाने आपापलं काम चोख केलेलं असू शकतं, तरी पूर वाढतो. फेरा असा आपलं आपणच बळ वाढवत जातो, आणि बांधकाम व पूर यांच्यात वर्षांचं अंतर असल्याने कुणाला दिसत नाही.

पावसाळ्याआधी गाळ काढतात. तो काठावरच राहिला तर पहिल्या जोरदार सरीत पुन्हा पात्रात येतो.

व्यवस्था कशा चालतात याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञ डोनेला मेडोज यांनी १९९९ मध्ये बारा जागा मांडल्या, जिथे हात घातला तर व्यवस्था बदलते. सगळ्यात कमी जोर आकड्यांना: पाइप किती इंची, भिंत किती फूट. नियमांना त्याहून जास्त, आणि व्यवस्था कशासाठी चालवायची त्या उद्दिष्टाला आणखी जास्त. पाणी लवकरात लवकर शहराबाहेर काढायचं, हेच उद्दिष्ट असेल तोवर नुसत्या भिंती उंच होत राहतील. पडेल तिथेच थोपवायचं ठरलं, तर लेआउट मंजुरीपासून रस्त्याच्या उंचीपर्यंत सगळे नियम वेगळे लागतात.

असा बदल नागपुरात झालेला आहे, पण सांडपाण्यात. भांडेवाडीच्या केंद्रात रोज १३० दशलक्ष लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची व्यवस्था उभी राहिली. घाणीला कायमचं गिऱ्हाईक मिळालं. प्रक्रिया केंद्र बंद पडलं तर आता कुणीतरी लगेच विचारणार! आमच्या मते खरी कमाई हीच.

पण याचाही धागा पुढे जातो. उन्हाळ्यात नागेत वाहतं ते मुख्यतः सांडपाणीच, आणि शहराखालचे शेतकरी तेच मोटारीने उचलून भाजीपाला पिकवतात. पाणी वळवलं की प्रवाह घटतो, म्हणून त्यांचा हिशेब सुरुवातीलाच धरायला हवा.

(दृश्य: शोषखड्ड्याचं खोदकाम)

वॉर्डाने सुरुवात नकाशापासून करावी. भर पावसात नाल्यापासून उलटं वर चालत जायचं; पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, रस्ता कुणाच्या अंगणापेक्षा उंच आहे, ते टिपायचं. त्यानंतर शोषखड्डे.

हजार चौरस फुटांच्या छतावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर सव्वानऊ हजार लिटर पाणी होतं. दोन बाय दोन मीटर आणि तीन मीटर खोल खड्डा बारा हजार लिटरचा दिसतो, पण दगड-गिट्टी भरल्यावर त्यात मावतं पाच हजारांच्या आतच. हिशेब चुकतो तो इथे. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी जिरू देत नाही, म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यायचा, आणि घराच्या पायापासून लांब. तळाला मोठे दगड, मग गिट्टी, वर जाड रेती. पहिल्या सरीचं धुळीचं पाणी बाहेर सोडायचं. रेतीचा वरचा थर दरवर्षी मे महिन्यात काढून धुवायचा, नाहीतर गाळाने खड्डा बुजतो आणि पाणी पुन्हा रस्त्यावर येतं.